हसली की विचारीन

दातांच्या दवाखान्यात मी फोन घ्यायची आणि तो आमच्यासाठी कवळ्या बनवायचा. पहिल्याच दिवशी दारात आमची टक्कर झाली, त्याच्या हातातली डबी उघडली आणि कुणा आजोबांचे दात माझ्या पायाशी येऊन पडले! मला हसू आवरेना. पण माझा पुढचा दात वाकडा... मी झटकन तोंडावर हात धरला.

"आजोबांचं ठीक आहे, त्यांचे दात उघड्यावर पडलेत," तो म्हणाला. "तुम्ही का लाजता?"

मग दर मंगळवारी तो यायचा. डबी ठेवायला मिनिट पुरतं, त्याला अर्धा तास लागायचा.

"एकदा हात काढून हसा की..."

"दात बघायची वाईट सवय आहे हं तुम्हाला!"

"दात कुठे बघायचेत मला — "

पुढचं तो गिळून टाकायचा. मी वेडी ते मनातल्या मनात पूर्ण करत बसायची. त्यानं विचारलं की थोडे आढेवेढे घ्यायचे, हेसुद्धा ठरवून ठेवलं होतं मी. फक्त त्यानं विचारायचं बाकी होतं.

अशी दोन वर्षं गेली. एका मंगळवारी डबी घेऊन दुसराच माणूस आला.

"तो गेला ना शनिवारी. साधा ताप म्हणत होते..."

मी सही करून डबी घेतली. दुसरं काय करणार होते?

महिन्याभरानं, घरी राहिलेली एक कवळी पोचवायला त्याची थोरली बहीण आली. मला पाहून जागीच थबकली. "तूच ती," म्हणाली, आणि मला त्याच्या खोलीवर घेऊन गेली.

तिथे पलंगाखालून तिनं चित्रं ओढून काढली. तो चित्रं काढतो हे तो जाईपर्यंत तिलाही ठाऊक नव्हतं. कुणी शिकवलं नव्हतं त्याला. कामावरचे बारीक ब्रश आणि खोक्यांचे पुठ्ठे, बस्स. साठ-सत्तर चित्रं, आणि सगळीकडे मी! फोनवर बोलताना, छत्री झटकताना... आणि प्रत्येक चित्रात तोंडावर हात. एकात त्यानं तोंडावरचा हात बाजूला करून पाहिला होता. तिथे ओठ पुन्हा पुन्हा खरवडून पुठ्ठा फाटला होता.

"मी म्हणायचे, कुणी मनात असेल तर विचारून टाक रे बाबा," ताई सांगू लागली. "तर म्हणायचा, ती माझ्यासमोर मोकळी हसली ना, की त्याच दिवशी विचारीन. तोवर तिला मी परकाच."

परका! अख्ख्या जगात ज्याच्यासमोर कुरूप दिसायची मला भीती वाटली, असा तो एकटाच होता.

"मी हो म्हणाले असते, ताई..."

तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"आता मला सांगून काय उपयोग, बाळा," ती म्हणाली.