शिंगं फुटू नयेत म्हणून

ठक्!

टाकीच्या गोल दारातून मी रांगत बाहेर येत होते, तो रांगत आत येत होता, आणि आमची हेल्मेटं अशी आदळली की आवाज पार आतपर्यंत घुमला.

"अहो, बघून या की!" मी खेकसले.

"बघूनच येत होतो," तो म्हणाला. "म्हणून तर आपटलो."

आगाऊ कुठला! मी तोंड उघडणार, एवढ्यात तो म्हणतो कसा, "मॅडम, आता पुन्हा एकदा आपटा बरं. एकदाच टक्कर झाली की शिंगं फुटतात. लहानपणी सांगितलं नाही का कुणी?"

"फुटू देत," म्हणत मी तरातरा निघून गेले. गेले खरी... पण त्याच्या पापण्यांवर ग्राइंडिंगची करडी धूळ बसली होती, ती दिवसभर आठवत राहिली. इतक्या लांब पापण्या पुरुषाला हव्यात कशाला?

आमची टाकी कसली ते आधी सांगते, नाहीतर माझी पुढची तगमग कळायची नाही. स्वयंपाकाचा गॅस द्रवरूप करून साठवायचा तर तो उणे बेचाळीस अंशांवर थंड ठेवावा लागतो. त्यासाठी ही दहा मजली इमारतीएवढी टाकी. तिचं छप्पर वर चढून बांधत नाहीत. खाली, टाकीच्या तळावरच जोडतात आणि मग मोठमोठ्या पंख्यांनी खालून हवा भरून आख्खंच्या आख्खं वर उचलतात. तीनशे टनांचं छप्पर, आणि हवेचा दाब किती? पोराचा फुगा फुगवायला लागतो त्याहूनही कमी! फक्त ते एका बाजूला जड होता कामा नये. कललं की अडकणार, आणि अडकलं की वर काठावर उभी असलेली चाळीस माणसं... पुढचं मला बोलवत नाही. तोलाचं सगळं गणित माझं होतं. आयुष्यातलं पहिलंच.

म्हणून मी हुकूमच काढला – छपरावर जे जे जाईल ते आधी माझ्या काट्यावर येईल, यादीत लिहिलं जाईल, मगच त्याच्या ठरलेल्या जागी. मोठे साहेब हसले. फिटर कुरकुरले. तो मात्र – फिटरांचा फोरमनच निघाला तो! – दुसऱ्या दिवशी रांगेत सगळ्यांच्या पुढे.

"शिट्टी," गळ्यातली काढून काट्यावर ठेवत तो म्हणाला.

"एवढ्याशा शिट्टीने तीनशे टन कलत नाहीत हो."

"हुकूम म्हणजे हुकूम. लिहा."

लिहिलं. वीस ग्रॅम. मग एक दिवस पेन्सिल आली, एक दिवस अर्धा खडू. आणि एक दिवस तो रिकाम्या हातांनीच आला.

"आज काय आणलंय?"

"मनावर जरा ओझं आहे..." तो काट्याकडे बघत म्हणाला. "ते कुठल्या बाजूला लिहायचं?"

"ज्या बाजूला मन असेल त्या बाजूला," मी बोलून गेले. आणि मग वहीत असं काही डोकं खुपसलं की तो गेल्याचंही कळलं नाही.

मी राहत होते आत्याकडे. तिच्या नजरेतून काय सुटतंय! "वजनं करायला जातेस ना गं?" ती म्हणाली. "मग रोज केस कशाला धुतेस? हेल्मेटखाली बघतंय कोण?"

"धूळ असते, आत्या."

"हो हो, धूळच असणार," म्हणत ती हसत आत गेली.

छप्पर उचलायच्या दिवशी झाडाचं पान हलत नव्हतं. असाच दिवस हवा होता आम्हाला. तो त्याच्या माणसांना घेऊन वर काठावर, मी खाली केबिनमध्ये मोठ्या साहेबांच्या शेजारी. सगळ्यांच्या हातात वॉकीटॉकी, एक बोलला की सगळ्यांना ऐकू जाणार.

पंखे घरघरले. छप्पर हललं... वीतभर... हातभर... तासाभरात ते जवळजवळ वर पोचलं. पुरुषभर अंतर उरलं असेल नसेल, तोच वरून कुणीतरी ओरडलं, "थांबा! पूर्वेची बाजू खाली राहतेय!"

"हवा तेवढीच धरून ठेवा," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"बाई, तुमची यादी चुकली," मोठे साहेब म्हणाले. ओरडले असते तर परवडलं असतं. ते हळू बोलले, ते जास्त लागलं. मी पानं उलटत होते आणि अक्षरं दिसत नव्हती. पूर्वेला काय राहिलं? काय विसरले मी? चाळीस माणसं आहेत वर... आणि तोही.

"यादी बरोबर आहे, साहेब." त्याचाच आवाज!

"तू कशावरून म्हणतोस?"

"त्यांनी लिहिलं तिथेच प्रत्येक वस्तू मी स्वतः ठेवलीय. वजनाचा दोष नाही. हवा निसटू नये म्हणून छपराच्या कडेला लावलेलं कापड भिंतीला अडकलंय. बांधकामाच्या वेळी लावलेला लोखंडी तुकडा आहे इथे. तो घासून काढायचा राहिला... माझ्याकडून."

"तुझ्याकडून? तुझं तर असं कधी राहत नाही!"

वॉकीटॉकीवर त्याने घसा खाकरला.

"त्या दुपारी मशीन हातात घेतलं होतं, साहेब. मग म्हटलं, आधी जरा काट्यावर जाऊन येतो... खडूचं वजन करायला. गेलो तो तिथेच रमलो. परत आल्यावर कुठवर घासलं होतं तेच आठवेना. डोक्यात त्याच होत्या. चूक माझी आहे, त्यांची नाही."

चाळीस माणसांनी ऐकलं. कुणीतरी खुदकन हसलं. माझे कान असे तापले की काय सांगू! राग आला का? आला की. एका अर्ध्या खडूपायी एवढा घोळ! पण तो गप्प बसला असता तर सगळं माझ्याच माथी आलं असतं, हेही मला कळत होतं. आणि छातीवरचा धोंडा कुणीतरी अलगद उचलल्यासारखं झालं होतं.

"छप्पर वीतभर खाली घ्या," मी म्हटलं. आता आवाज माझाच होता. "मग फोरमननी कापड सोडवायचं. कमरेला पट्टा बांधून." आणि न राहवून, "दोन पट्टे बांधा!"

"दोन? मॅडम, वजन वाढेल ना..."

"गप्प बांधा!"

तो काठावरून लोंबकळला. लांब सळईने कापड ओढत होता आणि मी इथे खुर्चीची कड घट्ट धरून बसले होते. एक मिनिट... दोन...

"सुटलं! चढवा!"

छप्पर सरळ झालं, चढलं. मग एकेक आवाज येऊ लागला – पूर्व टेकली, दक्षिण टेकली, पश्चिम टेकली... उत्तरेवाला जरा उशिरा बोलला, मेला. "टेकली!"

हुश्श! मी टेबलावर डोकं टेकलं आणि चक्क रडले. मोठ्या साहेबांनी पाण्याची बाटली पुढे केली. "यादी चांगली होती तुमची," ते म्हणाले. "त्या फोरमनकडे बघतो मी आता."

"नको," मी डोळे पुसत म्हटलं. "मी बघते."

छपराची कड पक्की झाल्यावर, तिसऱ्या प्रहरी तो जिना उतरून खाली आला. मी शेवटच्या पायरीशीच उभी होते. तो मान खाली घालून हातमोजे काढत राहिला.

"रागवा, मॅडम."

"रागावलेच आहे! अर्ध्या खडूसाठी तीनशे टन अधांतरी लटकवलेत तुम्ही."

"हो... आणि ते बाकीचं... सगळ्यांच्या देखत बोलायला नको होतं मी."

"खोटं होतं?"

"नाही." त्याने वर बघितलं. पापण्यांवर तीच करडी धूळ.

"मग वाक जरा."

"अं?"

"वाक म्हणते ना!"

तो वाकला. मी टाचा उंचावल्या आणि माझं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर हळूच आपटलं. ठक्.

वर काठावर एकच गलका झाला. फिटर शिट्ट्या मारत होते. तो मात्र हलला नाही, वाकलेला तसाच, हसू दाबत.

"शिंगं फुटली असती," मी म्हटलं. "आत्याला काय सांगितलं असतं मी?"