मास्तरांची बाजू

ही गोष्ट खरी आहे. मी काही डोळ्यांनी पाहिलेली नाही, पण जिच्या बाबतीत घडली ती माझी सख्खी मावशी. तिला साधी थाप मारायची म्हटली तरी कान लाल होतात. तेव्हा विश्वास ठेवायचा की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

रात्रबित्र काही नव्हती. संध्याकाळ होती, चांगला उजेड होता. बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मोकळ्या मैदानावर हे घडलं. मावशीच्या ड्रायव्हिंग स्कूलची गाडी शिकवण्यासाठी तिथेच नेतात.

स्कूल मुळात काकांचं, म्हणजे मावशीच्या यजमानांचं. सगळे त्यांना मास्तर म्हणायचे. अर्ध्या शहराला त्यांनी गाडी शिकवली.

बायकोला मात्र नाही.

एकदाच शिकवायला बसले होते. ती जरा कुठे चुकली की डावीकडून हात घालून स्टेअरिंग हिसकावून घ्यायचे. शेवटी भर रस्त्यात गाडी थांबवली, तिच्या बाजूचं दार उघडलं आणि म्हणाले, "उतर. हे तुझं काम नाही."

मावशी उतरली, चालत घरी आली. पुढे माहेरी जाऊन भावाच्या गाडीवर गुपचूप शिकली, लायसन्सही काढलं. मास्तरांना शेवटपर्यंत पत्ता लागू दिला नाही.

मग मास्तर गेले. झोपेतच हार्ट अटॅक. मावशीने शिकवण्याचा परवाना मिळवला, स्कूलचं शटर वर केलं आणि गाडीत मास्तरांच्या जागेवर, डाव्या सीटवर बसू लागली. तिथे पायाशी शिकवणाऱ्याचा वेगळा ब्रेक असतो.

तिची पहिली विद्यार्थिनी एक नर्स होती. पहिल्याच दिवशी म्हणाली, "मॅडम, याचं स्टेअरिंग वाकडं आहे का हो?"

मावशीने पाहिलं. गाडी नाकासमोर सरळ चालली होती, पण स्टेअरिंग... डावीकडे कललेलं.

मावशीने मेकॅनिकला बोलावून गाडी तडक गॅरेजमध्ये पाठवली. मेकॅनिक मास्तरांचा जुना दोस्त. त्याने स्टेअरिंग सरळ बांधून ठेवलं, गाडीखाली शिरून चाकांना जोडलेले रॉड सारखे केले, नट आवळले आणि स्वतः एक चक्कर मारून आला.

"सुतासारखी सरळ झाली, वहिनी. आता बघायला नको."

दुसऱ्या दिवशी नर्स गाडीत बसली.

स्टेअरिंग पुन्हा डावीकडे.

थोडं अंतर गेल्यावर नर्स वैतागली. "मॅडम, सोडा ना स्टेअरिंग. ओढताय कशाला? मी घेतेय की नीट."

मावशीने खाली पाहिलं...

तिचे दोन्ही हात मांडीवरच्या पर्सवर होते.

"गाडी थांबवा जरा," ती म्हणाली आणि मेकॅनिकला मैदानावर बोलावून घेतलं.

तो डाव्या सीटवर बसला, नर्सने गाडी चालवली. स्टेअरिंग सरळ.

मग मावशी डाव्या सीटवर बसली. स्टेअरिंग वाकडं.

मेकॅनिकने डोकं खाजवलं. "तुमच्या वजनाने असेल, वहिनी," म्हणाला आणि स्वतःच हसला.

नर्स ड्यूटीवर निघून गेली. मावशी म्हणाली, "तुम्ही इथेच थांबा. मी एकटी चालवून बघते."

ती उजवीकडे बसली. शेजारची सीट रिकामी. गाडी सुरू केली.

स्टेअरिंग अगदी सरळ.

लग्नानंतर इतक्या वर्षांनी ती गाडी पहिल्यांदा तिच्या एकटीच्या हातात होती. तिला हसू आलं, डोळेही भरले. दुसरा गिअर टाकला. तिसरा टाकला. वारं आत येत होतं.

आणि मग...

शेजारची सीट करकरली. कुणीतरी बूड टेकवल्यासारखी.

स्टेअरिंग हळूहळू डावीकडे जाऊ लागलं. तिने घट्ट धरलं. पलीकडूनही तेवढ्याच जोराने ओढ लागली.

मावशी ओरडली नाही. दात-ओठ खात म्हणाली, "जन्मभर ओढलंत. आता तरी सोडा."

ओढ थांबली.

एक क्षण सगळं शांत...

मग डावीकडचा ब्रेक खाली गेला. तिच्या डोळ्यांदेखत. तिथे पाय नव्हता.

गाडी गचका देऊन उभी राहिली, बंद पडली.

आणि खट्‌ आवाज होऊन मावशीच्या बाजूचं दार... आपसूक उघडलं.

मावशी उतरली.

मेकॅनिक धावत आला. "काय झालं? ब्रेक एवढा कचकन का दाबलात?"

"सुटला पाय."

परत येताना गाडी त्याने चालवली. मावशी मागे बसली होती. मैदानावरच त्याने स्टेअरिंगवरचे दोन्ही हात वर करून दाखवले. "बघा वहिनी, हात न लावता सरळ जाते. गाडीत काही दोष नाही."

"हो," मावशी म्हणाली. "गाडीत नाही."

आता शिकवायला एक पगारी मास्तर ठेवलाय. स्टेअरिंगची एकही तक्रार आलेली नाही. मावशी ऑफिसात बसून फोन घेते. लोक म्हणतात, बाईने चार दिवस हौस केली, झेपलं नाही.

मी तिला विचारलं, "गाडी विकत का नाहीस? भीती नाही वाटत?"

"विकून खाऊ काय? आणि भीती परक्याची वाटते रे. हे तर माझेच होते."

मागच्या महिन्यात तिच्याकडे गेलो होतो. गाडी दारातच उभी होती. मावशीला न सांगता मी गाडीत बसलो, एक चक्कर मारली. शेजारची सीट रिकामी होती. ती करकरली नाही. स्टेअरिंग जरासुद्धा हललं नाही. ब्रेक जागच्या जागी.

मला कुणीच अडवलं नाही. गाडी तिची, आणि अडवणूकही फक्त तिचीच.

तेव्हापासून मी मावशीच्या नजरेला नजर देऊ शकलेलो नाही.