पाचव्याआधी सहावे रीळ

सोलापुरातील एका चित्रगृहाच्या यंत्रखोलीचे दार त्या रविवारी सकाळी एका अपरिचित युवतीने ठोठावले. यंत्रचालक गुरुलिंगाने दार उघडले. पडद्यावर जुन्या इंग्रजी कादंबरीवरील चित्रपट चालला होता — धुक्याने वेढलेला वाडा, त्यातील कुलूपबंद दालन, अबोल मालक आणि त्याच्या घरी शिकवावयास आलेली तेजस्विनी तरुणी...

"मघाशी वाडा जळून खाक झाला," युवती म्हणाली, "आणि आता तिथंच मेजवानी चालली आहे. सहावं रीळ पाचव्याच्या आधी लावलंत तुम्ही."

गुरुलिंग गोरामोरा झाला. कुर्डुवाडीहून पेटी आली तेव्हाच रिळे भलत्या डब्यांत होती; त्याने डब्यांवरील आकड्यांवर विश्वास ठेवला होता. खाली साठ प्रेक्षक होते, परंतु इंग्रजी कोणास येत होते? साहेबांचे वाडे असेच असतील, असे समजून सारे स्वस्थ बसले होते.

तिचे नाव प्रभावती. शुक्रवार पेठेतील काशम्मांची ही कन्या शाळेत शिक्षिका होती, आणि अशा कादंबऱ्यांची मराठी भाषांतरे तिने अधाशासारखी वाचली होती. पुढे प्रत्येक शनिवारी जिन्यावर उभी राहून ती दुसऱ्या दिवशीच्या चित्रपटाची कथा सांगू लागली. गुरुलिंग फिल्म दिव्यासमोर धरून रिळे क्रमाने लावू लागला. सांगताना तिच्या बांगड्यांचा मंजुळ नाद होई... आणि त्याच्या हातून फिल्म निसटे.

सहाव्या रविवारी ती खेळ चालू असतानाच वर आली. मोहोळचे स्थळ आज दुपारी आपणास पाहावयास येणार असून आई होकार देण्याच्या विचारात आहे, असे तिने शांतपणे सांगितले.

गुरुलिंग यंत्राला तेल घालू लागला.

"त्या वाड्यांतले मालक शेवटच्या पानापर्यंत मनातलं बोलत नाहीत," प्रभावती म्हणाली. "वाचताना मला लई राग येतो त्यांचा."

"मी कुटला मालक? दोन खोल्या हायत की माझ्या."

"मग कुलूपबंद दालन तरी नसेल."

त्याच्या मुखावर हास्य उमटले — आणि धैर्यही.

"न्हाय. तितं तुमी यावं... एवढंच मनात हाय. दीड महिना झाला."

"उशीर केलात, पण चालेल. आता हेच आईसमोर बोला."

खेळ संपताच, काजळी लागलेल्या सदऱ्यानिशी, तो काशम्मांसमोर उभा राहिला आणि अडखळत का होईना, तेच बोलला. काशम्मांनी कन्नडमध्ये त्याचे गाव, घराणे, कुळाचा मठ, सारे विचारून घेतले. मग कन्येकडे पाहिले. प्रभावतीने नजर खाली वळवली नाही.

काशम्मांनी पाहुण्यांसाठी केलेल्या शिऱ्याची पहिली बशी गुरुलिंगापुढे ठेवली.

"मोहोळकर वाटेत असतील. त्यांना न्हाय म्हणायचं काम माझं. तू खा आधी, गार व्हायला लागलाय."