दाजी, माह्यं झालं का?

ही ऐकीव गोष्ट नाही. माझ्यासोबत घडलेली आहे. पटली नाही तरी चालेल, पण हसू नका... यात माझा सख्खा भाऊ आहे.

मी करिष्मा, चिखलीची. मागच्या वर्षी डिसेंबरचा दुसरा शनिवार. डोणगावच्या पुढं, शेतांमधला एक लहान तलाव. माणसांची नावं मी बदललेली नाहीत. तलावाचं नाव तेवढं देत नाही.

त्याच तलावात त्याच्या दोन वर्षं आधी माझा धाकटा भाऊ शिवम बुडाला होता.

एकटाच मुक्कामी गेला होता, असं सगळे म्हणायचे. तंबू, गळ, गॅसवरचं बार्बेक्यू... असल्या गोष्टींचं त्याला भारी वेड. माझा नवरा गोकुळ त्या दिवशी दुकानाचा माल आणायला अकोल्याला गेला होता. निदान मला तरी तसंच सांगितलं होतं. बातमी कळल्यावर रात्रभर तोच माझ्या आईजवळ बसून रडला. खांदाही दिला.

मला एकदा ती जागा बघायची होती. गोकुळ वर्षभर टाळत राहिला. शेवटी मी म्हटलं, "मी जाईन एकटी."

तेव्हा कुठं तयार झाला. शिवमचंच सामान गाडीत टाकलं आणि निघालो.

डांबरी रस्ता सोडून कच्च्या वाटेला लागायचं होतं. तिथं पाटी नाही, खूण नाही. कोणाला तरी विचारू, असं मी म्हणेपर्यंत त्यानं गाडी वळवलीही होती.

अंदाजानं वळवली असेल, असं मनाला सांगितलं.

तंबू लावेपर्यंत सूर्य बुडाला. गोकुळनं बार्बेक्यू एका सपाट दगडावर ठेवलं, बाजूला गॅसचा नवा डबा बसवला, खटका फिरवला. जाळीखाली निळी ज्योत पसरली. वर मसाला लावलेलं चिकन आणि कांदे.

मी हात धुवायला पाण्याकडं निघाले.

"तिकडून नोको जाऊ!" तो एकदम ओरडला. "गाळ हाय तिथं. मांडीपर्यंत रुतते मानूस."

मी जागीच थांबले.

"तुम्हाले कसं माहीत?"

तो चिकन उलटत राहिला.

दूर शेतात पाण्याची मोटर चालू होती... ती बंद पडली.

रातकिडे थांबले.

उरला फक्त गॅसचा सूं... सूं... आवाज.

आणि अंधारातून, अगदी रोजच्यासारखं कोणीतरी म्हणालं...

"दाजी, माह्यं झालं का?"

गोकुळ जाळीवर वाकलेला होता. मान वर न करताच म्हणाला, "थांब बे, उलटू दे."

आणि त्याचा हात तिथंच थिजला.

चिमटा दगडावर पडला.

आवाज शिवमचा होता. गोकुळला दाजी म्हणणारा जगात तो एकटाच.

ज्योत बारीक होत गेली... विझली.

"दाजी... हात द्या."

आता आवाज पाण्यातून येत होता.

गोकुळ मटकन खाली बसला. "मी येऊन राह्यलो होतो बे... दोरी आनाले गेलतो... खरंच दोरी आनाले..."

"तुम्ही इथं होते?"

तो माझ्याकडं बघत नव्हता. "दोरी घेऊन आलो तं तो दिसे ना. मले वाटलं, लोकं मलेच धरतीन. मी गाडी काढली, करिष्मा."

दोन वर्षं. दोन वर्षं हा माणूस माझ्या आईचे डोळे पुसत होता. मी त्याला जेवू घालत होते.

मी पाण्याकडं तोंड करून ओरडले, "शिवम! मी हाय रे, ताई!"

काहीच नाही.

पुन्हा ओरडले. काहीच नाही.

मग हळूच...

"दाजी."

गोकुळ उठला आणि झोपेत चालल्यासारखा चिखलात उतरला. गुडघ्यापर्यंत. मांडीपर्यंत. तिथं त्याला जाग आल्यासारखी झाली. त्यानं वळून माझ्याकडं हात केला.

"करिष्मा... हात दे!"

खोटं सांगत नाही. मी लगेच हात दिला नाही.

किती वेळ नुसती उभी होते, ते मला आजही सांगता येत नाही. तो छातीपर्यंत गेला, तेव्हा मी ओढणीचं एक टोक त्याच्याकडं फेकलं आणि ओढू लागले. गोकुळचं वजन पंच्याऐंशी किलो. माझ्यानं तो इंचभरही हलला नसता.

पण तो हलला.

कारण माझ्या मागून कोणीतरी जोर लावत होतं... माझ्या हातांवर दोन गार, ओले हात होते.

गोकुळ काठावर येऊन पडला. मी मागं वळले.

कोणी नव्हतं.

तो तंबू, ते बार्बेक्यू, सगळं तिथंच टाकून आम्ही निघालो.

आता मी सुलतानपूरला आईकडं राहते. आई रोज विचारते, "जवाई काऊन येत नाई वं?" मी तिला अजून काही सांगितलेलं नाही. सांगितलं, तर तिला शिवमसाठी दुसऱ्यांदा रडावं लागेल.

मी मनाला समजावते की ते हात शिवमचेच होते. त्याला बुडताना सोडून गेलेल्या माणसालाही वाचवेल, असा होता तो.

पण एक गोष्ट मला झोपू देत नाही.

ते हात माझ्या हातांवर होते, मागून जोर लावत होते... तेव्हाही समोर पाण्यातून "दाजी... दाजी..." चालूच होतं.

मागं शिवम होता, तर मग पाण्यात कोण होतं?