नकोचा हात

मिरजेच्या संवादशास्त्र प्रयोगशाळेत सकाळी पावणेनऊला फिरोज तांबोळीने पडद्यावर एक तळहात थांबवून धरला होता.

"मॅडम, हा कसला हात?"

"नकोचा," उत्तरा केळुसकर खांद्यावरची पिशवीही न उतरवता म्हणाली. "आणि आज मला कोडी घालू नकोस. अकराला दादाची शस्त्रक्रिया आहे. रजेचा अर्ज ठेवून निघालेय मी."

"पाचच मिनिटं. त्याआधी हे बघायलाच हवं तुम्ही."

मेळचष्मा उत्तराने सहा वर्षं खपून घडवला होता. तो घालून समोरच्याशी बोलायचं. पापण्या, खांदे, बोटं, श्वास, सगळं चष्मा तोलतो आणि काडीतून कानात सांगतो: झुका. आवाज उतरवा. थांबा. आता पुन्हा विचारा. बोलणं संपताना समोरच्याचे खांदे किती सैल पडले, कपाळ किती मोकळं झालं, यावरून मेळांक ठरतो. शंभरपैकी. वर्षभरापासून रुग्णालयांतले समुपदेशक तो घालूनच रुग्णांची संमती घेत होते.

"वर्षभरात चारशे बारा रुग्ण," फिरोज म्हणाला. "एकानेही नकार दिलेला नाही. अहो, चारशे बारा माणसांना चहा विचारला तरी दहाजण नाही म्हणतात! म्हणून मी मागे गेलो. आपण यंत्राला शिकवलं कशावर?"

उत्तराला आठवलं. घरात कॅमेरा लावू द्यायला कुणी तयार नव्हतं. मंगल कार्यालयं मात्र आनंदाने तयार झाली. नऊशे पंगती चित्रित केल्या होत्या. एकजण विचारतो, दुसरा उत्तर देतो, शेवटी दोघंही खूश. याहून चांगला संवाद कुठे मिळणार होता?

फिरोजने चित्रफीत सुरू केली. केळीच्या पानावर आडवा तळहात. "नको, नको, खरंच नको!" वाढपी झुकला, त्याने आवाज उतरवला. पुन्हा तळहात. पुन्हा आग्रह. तिसऱ्या खेपेला जिलबी बोटांच्या फटीतून पानात पडली आणि जेवणाऱ्याचे खांदे सैल झाले. मेळांक अठ्ठ्याण्णव.

"यंत्र चुकलेलं नाही, मॅडम. पाहिलं तेच शिकलं. हा हात दिसला की माघार घ्यायची नाही, तीनदा विचारायचं, मग खांदे पडतात. पंगतीत ते मायेने पडतात. रुग्णालयात कशाने पडतात, ते कळायला यंत्राला आधी पोट हवं, मग भीती."

पडद्यावरच्या वाढप्याने मान वळवली. हातात जिलबीची परात, खांद्यावर पंचा. तो उत्तराचाच भालूदादा होता. कुणाचंही लग्न असो, दादाच्या हातून कुणी जिलबी चुकवली नव्हती.

"सगळ्यांत वरचे मेळांक यांचेच आहेत," फिरोज हळू आवाजात म्हणाला. "यंत्राचे खरे गुरुजी."

उत्तराने खांद्यावरची पिशवी खाली ठेवली. गेल्या गुरुवारी ती मेळचष्मा घालून दादाच्या खाटेशी बसली होती. यकृतात गाठ. या शस्त्रक्रियेतून दहातले तीन वाचतात. "नको गं उत्तू, आहेत ते चार महिने अंगणात काढतो," असं म्हणून त्याने हात आडवा धरला होता. कानात आलं, झुका. ती झुकली. तीनदा. मग त्याचे खांदे पडले आणि त्याने सही केली. चाळीस वर्षांत दादाने पहिल्यांदा आपलं ऐकलं म्हणून घरी येऊन तिने शिरा केला होता.

साडेदहाला ती धापा टाकत शस्त्रक्रियागृहाच्या दाराशी पोचली. चष्मा प्रयोगशाळेतच टाकून आली होती.

"दादा, तू नको म्हणत होतास. मी ऐकलं नाही. अजून परत फिरता येतं."

"त्यांना स्वतः सांगू द्या, मी या क्षणी थांबवतो," शल्यविशारद डॉ. पडळकर म्हणाले.

ढकलगाडीवर दादा हसला. "तीनदा वाढलंस ना मला? मग आता पानात टाकायचं नाही. आईने काय शिकवलंय?"

"हे जेवण नाही, दादा!"

"ते कळतंय मला."

"घरी चल."

चादरीतून तळहात वर आला. "नको."

"चल ना रे." ती झुकली होती, आवाज आपोआप उतरला होता. चष्म्याची तिला आता गरजच उरली नव्हती.

"नको गं." पण बोटं जराशी फाकली.

आणखी एकदा म्हटलं की तो येईल, हे तिला पक्कं ठाऊक होतं. त्याचे खांदे कसे पडतील तेही ठाऊक होतं. आणि मग तो होकार तरी कुणाचा? गुरुवारचाच की, फक्त उलट दिशेचा. एकदा तरी, एकदा तरी माणसाचं नको हे नको म्हणून ऐकावं.

तिने ओठ घट्ट मिटले.

डॉक्टरांनी खूण केली. गाडी हलली. तिसऱ्यांदा न विचारता पुढे सरकलेल्या वाढप्याकडे माणूस बघतो, तसा दादा तिच्याकडे बघत राहिला. दार मिटेपर्यंत त्याचा हात तसाच आडवा होता. बोटांत फट ठेवून.