केतकीचा हात

त्या वर्षी पेणला समेळांच्या कारखान्यातल्या सगळ्या गणपतींचे डोळे शैलेशने काढले, आणि ते सगळे केतकीच्या हातचे होते. केतकीला, त्याच्या बायकोला, जाऊन वर्ष होत आलं होतं.

गिऱ्हाइकांना यात नवल वाटलं नाही. हातठसा आता सगळीकडे रुळला होता. गेलेल्या काकाचा तबला पुतण्या वाजवत होता, सासूची शिवण सुनेच्या हातात तशीच उतरत होती. हातातली कला खरं तर हातात नसतेच. ब्रश कुठे दाबायचा, कुठे उचलायचा, हे मेंदू सांगतो, आणि वर्षानुवर्षांच्या सवयीने त्याची मेंदूत एक वाट पडते. त्या वाटेची नक्कल म्हणजे हातठसा. माणूस काम करत असताना टोपीसारखं एक यंत्र ती टिपून घेतं, आणि तसंच दुसरं यंत्र चुंबकाच्या हलक्या ठोक्यांनी ती दुसऱ्याच्या मेंदूत उमटवतं.

केतकी आजारी असतानाच तिचा ठसा घेतला. डोक्यावर टोपी घालून ती डोळ्यांच्या आखणीला बसली. आधी काळी रेघ, मग बुबुळ, शेवटी पांढरा ठिपका. ठिपका दिला की गणपतीला म्हणायची, "हं, बघ आता." शैलेश नेहमीसारखा दाराच्या चौकटीला टेकून बघत होता. माती, साचे, रंग सगळं त्याला येत होतं, डोळे तेवढे येत नव्हते. एकदा त्याने काढले, तेव्हा केतकी म्हणाली होती, "याला अजून थोडा वेळ झोपू द्यायचं होतंस."

टोपी काढताना ती म्हणाली, "लग्नात नुसता हात धरलास. आता लावूनच घे."

ती गेल्यावर ठसा उमटवायची वेळ आली, तेव्हा डॉक्टर तहसीन मुकादम यांनी त्याला समोर बसवलं.

"समेळ, स्वतःला गुदगुल्या करून बघा."

त्याने केल्या. "काही होत नाही."

"कारण बोट कुठे लागणार, हे मेंदूला आधीच ठाऊक असतं. जे आधी ठाऊक, ते तो आपलं समजतो. दुसऱ्याच्या बोटाचा अंदाज येत नाही, म्हणून हसू येतं. आपलं आणि परकं यांच्यात एवढीच भिंत आहे. उद्या केतकीताईंची प्रत्येक रेघ तुम्हाला आधी कळायला लागली, तर मेंदू तीसुद्धा तुमचीच समजेल."

"समजू दे की. आमच्यात तुझं-माझं कधी नव्हतंच."

पहिला डोळा काढला त्या दिवशी तो ढसाढसा रडला. मूर्तीतून केतकीची नजर त्याच्याकडे बघत होती. मग रोज डोळे काढता काढता रडू कमी झालं, आणि एक दिवस थांबलं. हात बसला, असं त्याला वाटलं. हात खरोखरच बसला होता.

गणपती तोंडावर आले तेव्हा मुलगी, ऋता, नाशिकहून आली. फळीवर केतकीची शेवटची मूर्ती होती. सुरुवातीला शैलेश रोज सकाळी चहा घेऊन तिच्यासमोर बसायचा. आता सोंडेवर कोळिष्टक होतं.

ऋताने ते पदराने पुसलं. "आईची शेवटची ना ही?"

"ती होय? चांगली आठवते. डावा डोळा काढत होतो आणि तू चहा आणलास. मी म्हटलं, ठेव तिथे, हात हलेल."

ऋता त्याच्याकडे बघत राहिली. "बाबा, ते आई म्हणाली होती. तू दारात उभा होतास."

"काहीतरीच काय," शैलेश हसला. "मला रेघ न् रेघ आठवते."

ती त्याला डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी तपासलं आणि आडपडदा न ठेवता सांगितलं, "बघितलेलं सगळं आता केलेलं वाटायला लागलंय. ठसा पुसता येईल, पण हा हंगाम संपायच्या आत. नंतर वाट पक्की होईल. पुसला तर हात जाईल, आठवणी जागेवर येतील."

"पुस, बाबा," ऋता म्हणाली.

"आईचे डोळे जातील."

"जाऊ देत. आईसाठी रडणारी मी एकटीच उरलेय."

शैलेशने मनात शोधून पाहिलं. कुठे दुखत नव्हतं. "खोटं कशाला बोलू? मला तिची उणीव वाटतच नाही. मग ठसा पुसून मला परत काय मिळणार? दुःखच ना?"

"हो," ऋता म्हणाली.

त्याने मान हलवली. "हात राहू दे, डॉक्टर. ती स्वतः देऊन गेलीय."

ऋता दुपारच्या गाडीने परत गेली. शैलेश कारखान्यात येऊन पाटावर बसला. रेघ, बुबुळ, ठिपका. सगळं बिनचूक. "हं, बघ आता," तो गणपतीला म्हणाला, आणि सवयीने दाराकडे वळला.

दारात कुणी नव्हतं.

काम चालू असताना तिथे कुणीतरी उभं असायचं. चौकटीला टेकून, एकटक बघत. एवढं त्याला स्वच्छ आठवत होतं. फार जीव होता त्या माणसाचा आपल्यावर. तो कोण होता आणि यायचा का थांबला, हे मात्र काही केल्या आठवेना. ब्रश हातात धरून शैलेश रिकाम्या दाराकडे बघत बसला, आणि कितीतरी महिन्यांनी त्याला कुणाच्या तरी आठवणीने गलबलून आलं.