उपडा चमचा

लाँड्रीतून ती संध्याकाळी घरी आली, चपला काढल्या आणि सवयीने पोराच्या कपाळाला गाल लावला. दिवसभर इस्त्री धरलेले हात कायम गरम, त्यांचं काय खरं! पण आज गालालाही चटका बसला. ताप चढत होता.

मागेही ताप असाच चढला होता आणि बघता बघता पोराचे डोळे फिरले, हातपाय आचके देऊ लागले. एकदा नव्हे, दोनदा. म्हणून डॉक्टरीणबाईंनी ताप दिसताच झटका टाळायचं औषध द्यायला सांगितलं होतं. फक्त चुकून दोनदा देऊ नका, श्वास मंदावेल, असंही बजावलं होतं. तेव्हा सासूबाईंनी घराला शिस्त लावली. औषध दिलं की चमचा पेल्यावर उपडा ठेवायचा, म्हणजे दुसऱ्याला कळतं.

पेल्यावर चमचा उपडा होता. ओला.

"भावजी, औषध दिलंत?"

"छे हो वहिनी! तुमच्या त्या बाटलीला हात लावायची माझी काय बिशाद!" दीर हसत आतून आला आणि तिचा चेहरा बघून पोराजवळ वाकला. "ताप आहे का?... मला कळलंच नाही."

नवरा कामावर. सासूबाईंना जाऊन तर वर्ष होत आलं होतं.

"बाळा, औषध कुणी दिलं रे?"

डोळे न उघडता पोरगं पुटपुटलं, "आजीने..."

द्यावं तरी भीती, न द्यावं तरी भीती. तिने फोन लावला.

"शंका असेल तर पुन्हा देऊ नका," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "झटका आला तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका. आणि लगेच घेऊन या."

दीर गाडी बघायला पळाला. पोराला थोपटत ती रडकुंडीला येऊन सासूबाईंनाच विनवू लागली, "सांभाळा हो त्याला..."

पोराच्या पाठीमागे गादी हळूच दबली. कुणीतरी येऊन आडवं झालं होतं. तिने घाबरून पोराला गाल लावला. कपाळ एकदम गार...

आणि शेजारी गादीत पडलेला तो रिकामा खळगा आचके देऊ लागला. पलंग खडखडत होता, उशीवर फेस ओघळत होता, पोरगं मात्र निवांत पडलं होतं. ती मागे सरकली. पण सासूबाई माझ्या लेकराचं दुखणं भोगतायत, या विचाराने तिला राहवेना. तिने हात पुढे केला आणि न दिसणाऱ्या त्या देहाला कुशीवर वळवलं.

हाताला लागलं ते अंग म्हाताऱ्या बाईचं नव्हतं. इवलंसं होतं, तिच्या पोराचं, आणि तापाने फणफणलेलं.